प्रीअॅम्पचे व्हॉल्व्ह बदलायचेत? मुंबईत राहून हे काम नीट कसं करायचं

व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या इलेक्ट्रॉन ट्यूबचा प्रीअॅम्प (पॉवर अॅम्पच्या आधी सिग्नल मोठा करणारा डबा) घरात आला की आज ना उद्या हा विषय निघतोच. कधी एका बाजूचा आवाज बसतो, कधी मागे बारीक चरचर सुरू होते, मग माणूस ऑनलाइन शोधायला बसतो आणि तिथे कोणी सांगतं इंग्लंडचा जुना मुलार्डच घ्या, कोणी म्हणतं जर्मन टेलिफंकनशिवाय अर्थ नाही, आणि किंमत बघावी तर एकाच नंबरचा व्हॉल्व्ह एकीकडे जेवढ्याला त्याच्या दहापट दुसरीकडे. नवीन माणसाचं डोकं इथेच गरगरतं. मला जे कळत गेलं ते थोडक्यात असं, की पैसे नावावर घालवायचे नाहीत. तुमच्या प्रीअॅम्पमध्ये तो व्हॉल्व्ह कुठल्या जागी बसलाय आणि त्या जागेला काय लागतं हे आधी बघायचं, मग नंबर, मग टेस्टिंग, आणि ब्रँड सगळ्यात शेवटी.

हे सगळं प्रीअॅम्पपुरतं आहे. पॉवर अॅम्पच्या मोठ्या व्हॉल्व्हना बायस (व्हॉल्व्ह किती करंटवर चालेल ते ठरवणारं व्होल्टेज) सेट करावा लागतो, तो वेगळा विषय. प्रीअॅम्पमध्ये बहुतेक ठिकाणी कॅथोडच्या (व्हॉल्व्हमधल्या इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाच्या) रेझिस्टरवरच बायस आपोआप जमतो, त्यामुळे जुना काढून योग्य व्हॉल्व्ह घातला की काम झालं.

जवळ काय ठेवाल: तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल किंवा सर्किट डायग्राम (नसेल तर जुने व्हॉल्व्ह काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, नंबर आणि जागा दोन्ही दिसतील असे), बॅटरी म्हणजे टॉर्च, एक भिंग, लाकडी पेन्सिल, आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ सुती कापड, मार्कर आणि पेपर टेप. साधा मल्टिमीटर असला तर उत्तम.

१. व्हॉल्व्ह खरंच गेलाय का, ते आधी ठरवा

ही पायरी लोक हमखास गाळतात. आवाज बिघडला की व्हॉल्व्ह बदला असं होतं, आणि नवीन व्हॉल्व्ह घालूनही चरचर तशीच राहते, कारण दोष कपॅसिटरचा असतो नाहीतर सॉकेटचा.

सोपी टेस्ट अशी. डाव्या आणि उजव्या चॅनलला वेगवेगळे व्हॉल्व्ह असतील तर सगळं बंद करून, थंड होऊ देऊन, त्या दोघांची अदलाबदल करा. चरचर डावीकडून उजवीकडे गेली तर व्हॉल्व्ह दोषी. जागेवरच राहिली तर व्हॉल्व्हला सोडा, सर्किट दाखवा. पण एक भानगड लक्षात ठेवा, हे छोटे व्हॉल्व्ह ड्युअल ट्रायोड असतात, म्हणजे एकाच काचेत दोन व्हॉल्व्ह, आणि बऱ्याच प्रीअॅम्पमध्ये त्यातला एक अर्धा डाव्याला आणि दुसरा उजव्याला लावलेला असतो. तसं असेल तर अदलाबदलीने काही कळणार नाही, तिथे चांगला म्हणून माहीत असलेला एक जादा व्हॉल्व्ह घालूनच बघावं लागतं. म्हणून प्रत्येक नंबरचा एक स्पेअर घरात असावा असं माझं ठाम मत आहे.

घूं असा सततचा आवाज येत असेल तर तो ऐकून थोडा अंदाज येतो. आपली लाइन ५० हर्ट्झची, त्यामुळे अगदी खालचा, जाड ५० हर्ट्झचा हम हा बहुतेक हीटर (व्हॉल्व्हमधली तापणारी तार), अर्थिंग किंवा केबलकडून येतो, आणि त्याच्यापेक्षा वरचा, थोडा धारदार १०० हर्ट्झचा हम पॉवर सप्लायच्या फिल्टर कपॅसिटरकडून. जुन्या सेटमध्ये हे कपॅसिटर वाळलेले असतात. तिथे कितीही महाग व्हॉल्व्ह घाला, हम जाणार नाही.

कपलिंग कपॅसिटर, म्हणजे एका व्हॉल्व्हकडून पुढच्याकडे फक्त सिग्नल जाऊ देणारा, लीक असेल तर तो पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (सिग्नल घेणाऱ्या जाळीवर) डीसी ढकलतो, बायस बिघडतो, आवाज फाटतो आणि तुम्ही नवीन घातलेला व्हॉल्व्हही लवकर थकतो. नवीन व्हॉल्व्ह काही महिन्यांत परत तसाच वाजायला लागला तर पहिला संशय यावर घ्या.

आणि काच आतून लाल दिसते म्हणजे व्हॉल्व्ह चांगला, असं नाही. त्याचा अर्थ एवढाच की हीटर तुटलेला नाही. काचेच्या आत वरच्या टोकाला जो चांदीसारखा थर असतो, त्याला गेटर म्हणतात, तो बघा. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली, तो व्हॉल्व्ह गेला. याउलट काही युरोपियन व्हॉल्व्ह स्विच ऑन केल्या केल्या क्षणभर बुडाशी लख्ख चमकतात, त्याला घाबरायचं कारण नाही.

आयुष्याचं म्हणाल तर ई८८सीसी सारख्या खास दर्जाच्या व्हॉल्व्हला कंपन्या १०,००० तासांची हमी द्यायच्या. रोज तीन तास ऐकलं तर नऊ वर्षं. साधे व्हॉल्व्हसुद्धा प्रीअॅम्पमध्ये काही हजार तास निवांत चालतात. म्हणजे चांगलं वाजत असेल तर दरवर्षी बदलायची गरज नाही, कोणी काहीही सांगो.

२. नंबर वाचा, जुळे नंबर ओळखा

एकाच व्हॉल्व्हला अमेरिकन नाव वेगळं आणि युरोपियन वेगळं. हे एवढं पाठ करून ठेवा:

१२एएक्स७ म्हणजे ईसीसी८३. कमी नॉइजवाला अमेरिकन भाऊ ७०२५.
१२एटी७ म्हणजे ईसीसी८१.
१२एयू७ म्हणजे ईसीसी८२.
६डीजे८ म्हणजे ईसीसी८८. त्याचा मजबूत भाऊ ६९२२ म्हणजे ई८८सीसी.

आता खरा सापळा. हे सगळे नऊ पिनांचे, एकाच सॉकेटमध्ये बसणारे. बसतो म्हणजे चालतो असं समजून लोक घालतात आणि नुकसान करून घेतात.

१२एएक्स७ च्या हीटरला मधून टॅप, म्हणजे मध्येच काढलेली जोडणी आहे, पिन ९. त्यामुळे तो पिन ४ आणि ५ वर १२.६ व्होल्ट देऊन चालवता येतो, किंवा ४ आणि ५ जोडून, ९ च्या समोर ६.३ व्होल्ट देऊन. ६डीजे८ चा हीटर मात्र फक्त ६.३ व्होल्टचा, पिन ४ आणि ५ मध्ये, आणि त्याची पिन ९ म्हणजे आतला शील्ड. १२.६ व्होल्टच्या जोडणीवर ६डीजे८ घातला तर हीटरला दुप्पट व्होल्टेज मिळून तो जळतो, आणि दुसऱ्या जोडणीवर घातला तर पेटतच नाही. रशियन ६एन२पी ची हीच गोष्ट. गेन (सिग्नल किती पट मोठा होतो ते) ईसीसी८३ च्या जवळपास, म्हणून विकणारा सांगतो हाच घ्या, स्वस्त आहे, पण हीटरची जोडणी वेगळी, सर्किटमध्ये बदल केल्याशिवाय तो चालत नाही.

रशियन ६एन२३पी हा मात्र ६डीजे८ च्या जागी चालतो आणि चांगला चालतो. काचेवर नंबर रशियन लिपीत असतो, त्यातला एन आपल्याला इंग्रजी एचसारखा दिसतो, त्यामुळे गोंधळू नका. पण ६एन१पी ला ६डीजे८ म्हणून घेऊ नका, त्याचा हीटर ६०० मिलिअँपिअर खातो, ६डीजे८ चा ३६५. छोट्या ट्रान्सफॉर्मरवर तेवढा ताण बरा नाही.

६डीजे८ आणि ६९२२ मधलाही फरक बघून ठेवा. ६डीजे८ ला प्लेटवर (इलेक्ट्रॉन जिथे पोचतात त्या पत्र्यावर) जास्तीत जास्त १३० व्होल्ट चालतात, ६९२२ ला २२०. तुमच्या मॅन्युअलमध्ये ६९२२ लिहिलं असेल तर ६डीजे८ स्वस्त मिळतोय म्हणून घालायच्या आधी प्लेटचं व्होल्टेज किती आहे ते कोणा जाणकाराकडून मोजून घ्या.

आवाज बदलून बघायचा म्हणून लोक १२एएक्स७ च्या जागी १२एटी७ किंवा १२एयू७ घालतात. पिन त्याच आहेत, काही जळत नाही, पण १२एएक्स७ चा अॅम्प्लिफिकेशन फॅक्टर (व्हॉल्व्ह सिग्नल जास्तीत जास्त किती पट करू शकतो) १००, १२एटी७ चा ६०, १२एयू७ चा २० च्या आत-बाहेर. करंटही वेगळा, त्यामुळे सर्किट ज्या पॉइंटवर चालायला बनवलंय तिथून सरकतं. गेन थोडा कमी करायचाच असेल तर ५७५१ बघा, त्याचा फॅक्टर ७०, आणि तो १२एएक्स७ च्या जागी निवांत बसतो. फोनो स्टेजमध्ये (रेकॉर्ड प्लेअरचा सिग्नल उचलणाऱ्या भागात) मात्र असले प्रयोग नकोत, तिथे रेकॉर्डचा आरआयएए कर्व्ह (रेकॉर्ड कापताना बदललेला बास-ट्रेबल परत सारखा करणारा) व्हॉल्व्हच्या गुणांवर हिशोब करून बसवलेला असतो.

पॉवर सप्लायला रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा) व्हॉल्व्ह असेल तर मॅन्युअलमध्ये जो नंबर आहे तोच. तिथे पर्याय शोधूच नका.

३. कुठल्या जागी कसला व्हॉल्व्ह, आणि पैसे कुठे लावायचे

माझ्या मते सगळ्या लेखात हाच भाग महत्त्वाचा.

फोनो स्टेजचा पहिला व्हॉल्व्ह काडतुसाकडून, म्हणजे कार्ट्रिजकडून आलेला काही मिलिव्होल्टचा सिग्नल उचलतो. तिथे जो काही नॉइज होईल तो पुढे शेकडो पटींनी मोठा होऊन तुमच्या स्पीकरला येतो. म्हणून सगळ्यात शांत व्हॉल्व्ह इथे. जास्त पैसे टाकायचेच असतील तर इथे टाका. विकत घेताना लो नॉइज आणि लो मायक्रोफोनिक (धक्का लागला तरी न घुमणारा) म्हणून निवडलेला मागा, दोन्ही अर्धे जुळलेला मागा.

लाइन स्टेजला सिग्नल आधीच मोठा असतो, सीडी प्लेअर किंवा डॅककडून (डिजिटलचा अॅनालॉग सिग्नल करणाऱ्या डब्याकडून) दीड-दोन व्होल्ट येतात. तिथे मध्यम दर्जाचा चांगला टेस्ट केलेला व्हॉल्व्ह पुरतो.

शेवटी आउटपुटला कॅथोड फॉलोअर नावाची, सिग्नल न वाढवता पुढे ढकलणारी जोडणी असेल तर त्याला गेन नसतोच. नॉइजची तेवढी काळजी नाही, पण तिथे कॅथोडवर बऱ्याचदा शंभर-दीडशे व्होल्ट असतात आणि हीटर-कॅथोडमधलं इन्सुलेशन मजबूत लागतं. ईसीसी८३ ला ती मर्यादा १८० व्होल्ट आहे. थकलेला व्हॉल्व्ह इथे टाकला की हम किंवा कडकड सुरू. म्हणून या जागी महागडा अँटिक नको, नवीन साधा व्हॉल्व्ह घाला.

तर पाच व्हॉल्व्ह बदलायचे म्हणून पाचही एकाच भारी ब्रँडचे घ्यायची काही गरज नाही. एक भारी, बाकी साधे, असं केलं तरी कान समाधानी राहतात. हे मी पुन्हा पुन्हा ऐकून सांगतोय.

४. नवीन बनावटीचा की जुना स्टॉक

आज नवीन व्हॉल्व्ह मुख्यतः तीन ठिकाणी बनतात, स्लोव्हाकियात जेजे, रशियात साराटोव्हला इलेक्ट्रो-हार्मोनिक्स, सोव्हटेक, टंग-सोल वगैरे नावं, आणि चीनमध्ये स्वेन (Psvane) सारख्या कंपन्या. टंग-सोल आणि मुलार्ड ही जुनी नावं आता या रशियन कारखान्याच्या मालावर छापली जातात, त्यामुळे नवीन डब्यावरचा मुलार्ड म्हणजे इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यातला जुना मुलार्ड नव्हे. वाईट नाही, फक्त तो नाही. २०२२ च्या मार्चमध्ये रशियाच्या निर्यातबंदीमुळे पुरवठा अडकला होता, तेव्हापासून किमती चढ्या आहेत.

पहिल्यांदाच बदलत असाल तर नवीन बनावटीचा घ्या. वॉरंटी मिळते, सेट जुळलेला मिळतो, आणि मोजमाप काय असावं याचा अंदाज येतो.

जुना स्टॉक म्हणजे वापरलेला नाही, पण वर्षानुवर्षं डब्यात पडून असलेला. यात आपल्याकडे एक नाव विसरलं जातं, ते म्हणजे बीईएल, भारत इलेक्ट्रॉनिक्स, बंगळुरू. त्यांनी १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले आणि देशभरातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांकडे तेच असायचे. अजूनही जुन्या दुकानांच्या माळ्यावर बीईएलचे डबे निघतात. टेस्टला चांगले उतरले तर मी तेच घेईन, परदेशी नावासाठी दुप्पट-तिप्पट देण्यापेक्षा.

खोटा माल ओळखायला थोडा डोळा लागतो. अस्सल टेलिफंकनच्या बुडाला, पिनांच्या मधोमध, काचेतच उठवलेला एक छोटा चौकट असतो, पत्त्यांतल्या चौकटसारखा. तो छापलेला नसतो. वरचं नाव पुसून नवीन छापता येतं पण काचेतला उठाव छापता येत नाही. फिलिप्स, मुलार्डच्या गटातल्या व्हॉल्व्हला काचेच्या खालच्या कडेला बारीक कोरलेला करड्या रंगाचा कोड असतो, दोन ओळींचा. टॉर्च बाजूने तिरकी मारा, भिंग लावा, व्हॉल्व्ह हळूहळू फिरवा, म्हणजे दिसतो. दुसऱ्या ओळीचं पहिलं चिन्ह कारखान्याचं, इंग्रजी बी म्हणजे ब्लॅकबर्न, त्रिकोण म्हणजे हॉलंडमधलं हेरलेन. ऑनलाइन घेताना विकणाऱ्याकडे याच कोडचा फोटो मागा. द्यायला टाळाटाळ केली तर सोडून द्या.

५. मुंबईत कुठे जायचं

ग्रँट रोड स्टेशनला उतरा, पूर्वेकडे बाहेर पडा, चालत लॅमिंग्टन रोड. रविवारी दुकानं बंद, शनिवारी गर्दी, त्यामुळे मधला वार बघून दुपारी जा. समोरची मोठी दुकानं आता सीसीटीव्ही आणि केबलची, व्हॉल्व्हसाठी गल्लीतली, जिन्यावरची जुनी स्पेअर पार्टवाली दुकानं विचारत जावं लागतं. मोबाइलमधला फोटो दाखवा आणि नंबर बोला, बाकी वर्णन करत बसू नका. सॉकेट, कपॅसिटर, कॉन्टॅक्ट क्लीनर इथेच मिळतं.

दुसरी जागा चोर बाजार, मटण स्ट्रीट. शुक्रवारी नेहमीची दुकानं बंद असतात, बाकी दिवशी जा. जुने रेडिओ, रेडिओग्राम, अॅम्प यांतून काढलेले व्हॉल्व्ह मिळतात. घासाघीस करायचीच, पण तिथला माल टेस्ट केलेला नसतो हे धरूनच किंमत सांगा. तिथून महागडा व्हॉल्व्ह घेऊ नये, स्वस्तात दोन-चार मिळाले तर घ्यावेत.

तिसरं, तुमच्या भागातला जुना रेडिओ मेकॅनिक. दादर, गिरगाव, परळकडे अजून काही काका आहेत. "काका, ईसीसी८३ आहेत का पडलेले?" एवढं विचारून बघा. नसले तरी कोणाकडे असतील ते सांगतात.

६. दुकानात टेस्ट कशी करून घ्यायची

बऱ्याच ठिकाणी टेस्टर असतो पण तो नुसता एमिशन टेस्टर, काटा हिरव्यात गेला की चांगला. त्याने व्हॉल्व्ह मेलाय की जिवंत एवढं कळतं, नॉइज कळत नाही. म्युच्युअल कंडक्टन्स (ग्रिडच्या व्होल्टेजने करंट किती बदलतो ते) दाखवणारा टेस्टर असेल तर आकडे विचारा. १२एएक्स७ ला २५० व्होल्टवर, ग्रिडला उणे २ व्होल्ट असताना १.२ मिलिअँपिअर आणि कंडक्टन्स १.६ मिलिअँपिअर प्रति व्होल्ट हे पुस्तकी आकडे. १२एयू७ ला उणे ८.५ व्होल्टवर १०.५ मिलिअँपिअर आणि २.२. दोन्ही अर्ध्यांचे आकडे वेगवेगळे मागा, त्यांच्यात दहा टक्क्यांच्या आतला फरक ठीक. शॉर्ट आणि लीकेजची टेस्ट आधी करायला सांगा, ती सुटते.

टेस्टर नसला तर डोळ्यांनी: गेटर पांढरा नाही ना, पिना सरळ आहेत ना, हलवल्यावर आत काही खडखडत नाही ना. आणि "वाजला नाही तर बदलून मिळेल ना शेठ?" हे बिलावर लिहून घ्या.

७. परदेशातून मागवताना

कुरिअरवाले केवायसी मागतात, आधार किंवा पॅनची कॉपी तयार ठेवा, शिवाय विकणाऱ्याचं इनव्हॉइस आणि पैसे दिल्याचा पुरावा. डब्यावर वर्णन स्पष्ट हवं, इलेक्ट्रॉन ट्यूब, एचएस कोड (कस्टमचा माल-वर्गीकरणाचा नंबर) ८५४०, आणि खरी किंमत. किंमत कमी दाखवायला सांगू नका, पार्सल अडकलं तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. पोस्टाने आलं तर ते बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनातून तपासून पुढे येतं, वेळ लागतो. कस्टम ड्युटी, टॅक्स आणि कुरिअरची फी धरून हिशोब करा, मग कळतं की एक व्हॉल्व्ह मागवणं परवडत नाही, दोन-तीन मित्रांनी मिळून मागवा.

८. काढणं आणि घालणं

आधी पॉवर अॅम्प बंद, मग प्रीअॅम्प, मग प्लग भिंतीतून बाहेर. व्हॉल्व्ह गरम असतात, आणि आतल्या कपॅसिटरमध्ये २५०-३०० व्होल्ट प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात, हा धक्का जिवावर बेतू शकतो. निदान अर्धा तास थांबा. झाकण उघडलंत तर फक्त व्हॉल्व्हला हात लावायचा, खालच्या जोडण्यांना नाही.

कापडात धरून सरळ वर ओढा, किंचित गोल हलवत. जोरात आडवं हलवलं की पिनेजवळ काचेला बारीक तडा जातो. घालताना पिन १ आणि ९ मधली मोठी जागा सॉकेटशी जुळवा, सरळ दाबा. जुन्या व्हॉल्व्हला पेपर टेप लावून जागा आणि तारीख लिहा, फेकू नका.

चालू करताना उलट क्रम. प्रीअॅम्प आधी, एक मिनिट थांबा, मग पॉवर अॅम्प, व्हॉल्यूम शून्यावर.

तुमचा सेट जुना २२० व्होल्टचा असेल तर आपल्याकडची लाइन २३०, कधी २४० च्या पुढे. २४० ला हीटरचे ६.३ चे जवळपास ६.९ होतात, ती मर्यादेची कडा आहे आणि व्हॉल्व्हचं आयुष्य खाते. अशा सेटसाठी टेक्निशियनकडून हीटरचं व्होल्टेज एकदा मोजून घ्याच. अमेरिकन १२० व्होल्टचा सेट असेल तर चांगला स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागेलच.

९. ऐकून तपासा

व्हॉल्यूम थोडा वर, इनपुट काही नाही, आणि पेन्सिलच्या रबराकडच्या टोकाने प्रत्येक व्हॉल्व्हवर हलकी टिचकी. थोडासा टक आवाज स्पीकरमधून येणं स्वाभाविक आहे. पण टण्ण करून घुमत राहिला तर तो मायक्रोफोनिक, त्याला फोनोच्या पहिल्या जागेवरून काढा आणि नंतरच्या, लाइन स्टेजच्या जागी टाका, तिथे तो बिनतक्रार चालेल. डॅम्पर रिंगने थोडा फरक पडतो, वाईट व्हॉल्व्ह चांगला होत नाही.

मग गाणं. माझी सवय अशी की तंबोऱ्याने सुरुवात असलेलं रेकॉर्डिंग लावायचं, कारण जवारीची किनार मऊ राहते की खरखरीत होते ते लगेच ऐकू येतं, आणि तबल्याच्या डग्ग्याची घुमक नीट थांबते की पसरते तेही. जुना आणि नवा व्हॉल्व्ह तोलताना दोन्हीकडे आवाजाची पातळी सारखी करा, मोबाइलवरचं साउंड मीटर अॅप पुरतं. थोडा मोठा वाजणारा नेहमीच जास्त चांगला वाटतो आणि माणूस त्यालाच पैसे देऊन बसतो. निकाल पहिल्या संध्याकाळी देऊ नका, काही दिवस नेहमीसारखं ऐका आणि मग जुना परत घालून बघा. फरक सांगता आला नाही तर स्वस्तातला ठेवा.

१०. पावसाळ्यात

मुंबईच्या दमट, खारट हवेत पिना काळ्या पडतात, समुद्राजवळ राहत असाल तर लवकरच. चरचर जून-जुलैत सुरू झाली तर आधी व्हॉल्व्ह काढून पिना आयसोप्रोपिलने पुसा, सॉकेटमध्ये थोडा कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पूर्ण वाळू द्या, दोन-तीनदा आत-बाहेर करा. कितीतरी वेळा एवढ्यानेच भागतं. स्पेअर व्हॉल्व्ह सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डब्यात ठेवा, पुड्या ओलावा धरून फुकट गेल्या की बदला, आणि सेट आठवड्यातून दोन-तीनदा तासभर तरी चालू ठेवा, आतली उष्णता दमटपणा घालवते.